साथीच्या दिवसांतील मंडळी

स्वप्रांत सोडून परमुलखात नोकरीवर गेलेल्या मराठी माणसाची पहिली चौकशी घराची असते, दुसरी मुलांच्या शाळेची आणि तिसरी ‘येथे आपली मंडळी कोठे जमतात?’ ही. बंगळुरास बदलून आलेले आमचे कित्येक स्नेही सामानाच्या पेट्या उघडण्यापूर्वीच महाराष्ट्र मंडळाचा पत्ता विचारताना आम्ही पाहिले आहेत. त्यात नवल काही नाही. दिवसभर कचेरीत परभाषेत कारभार करून थकलेल्या माणसाला संध्याकाळी दोन शब्द आपल्या भाषेत बोलावयास मिळावेत, गणपतीच्या आरतीला चार ओळखीचे चेहरे दिसावेत, एवढीच त्याची अपेक्षा असते.

ह्या ‘मंडळी’ शब्दाला महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजात आणखी एक अर्थ आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांना तो ठाऊक नसतो. इंग्रजीत ज्याला चर्च म्हणतात त्याला मराठी ख्रिस्ती, विशेषतः प्रॉटेस्टंट पंथाचे लोक, ‘मंडळी’ म्हणतात. देऊळ वेगळे आणि मंडळी वेगळी. दगडविटांच्या इमारतीला ते उपासनामंदिर म्हणतील; पण तीत जमणारी माणसे ती मंडळी. ग्रीक भाषेतील ‘एक्लेसिया’ ह्या मूळ शब्दाचा अर्थही बोलावून एकत्र आणलेली सभा असाच आहे. तेव्हा ज्या कोणी हा मराठी शब्द प्रथम योजला त्याने मूळ अर्थ अचूक हेरला असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु जमणे हाच ज्या शब्दाचा प्राण, त्या मंडळीचे जमणेच सरकारी हुकुमाने बंद झाले तर मागे काय उरते? २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांत हा प्रश्न सर्व धर्मांच्या लोकांपुढे उभा राहिला. ज्यांची मंडळी आधीच जुळलेली होती त्यांना तो तितकासा जाचला नाही. त्यांना निदान कोणाची आठवण काढावयाची हे ठाऊक होते. ज्याला अजून आपली मंडळी सापडावयाचीच होती त्याची गोष्ट निराळी. आमच्यापुढे हा प्रश्न आला तो अशाच एका मुलाच्या निमित्ताने.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा हा मुलगा. घराणे नगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. २०२० साली त्याने बंगळुरातील एका महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षासाठी नाव घातले. पहिले कित्येक महिने त्याचे महाविद्यालय म्हणजे नगरच्या घरातील माळ्यावरचा एक मोबाईल. २०२१ च्या जानेवारीत वर्ग प्रत्यक्ष भरू लागले तेव्हा तो येथे आला आणि फ्रेझर टाउनमध्ये एका घरी भाड्याची खोली घेऊन राहिला. त्याच्या वडिलांनी आम्हांला फोन केला. जेवणाखाण्याची चौकशी झाल्यावर ते थोडे अडखळत म्हणाले, “साहेब, रविवारी पोराला उपासनेला बसायला कुठं जागा आहे का, तेवढं बघा. एकटा पडलाय.” आम्ही स्वतः ख्रिस्ती नव्हे. इतकी वर्षे ह्या शहरात काढून देवळांइतकीच चर्चेही रोज पाहत होतो, परंतु त्यांच्या आत काय व कसे चालते ह्याची आम्हांला माहिती नव्हती. मित्राचे काम म्हणून चौकशीला लागलो, आणि ह्या शहराचा एक इतिहास हाती आला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बंगळूर हे मुळातच बाहेरून आलेल्यांचे शहर. १६३८ च्या सुमारास शहाजीराजांकडे ही जहागीर आली तेव्हापासून मराठी माणूस येथे आहे. पुढे १८०९ साली इंग्रजांनी जुन्या पेठेच्या ईशान्येस आपली लष्करी छावणी वसविली. छावणीबरोबर तामीळ मुलखातून शिपाई आले, व्यापारी आले, खानसामे आणि गवंडी आले. त्यांच्यांत ख्रिस्ती पुष्कळ होते. गोऱ्या सैनिकांसाठी सेंट मार्क्सचे चर्च उभे राहिले, शिवाजीनगरातील सेंट मेरीच्या देवळाभोवती तामीळ कॅथलिकांची वस्ती वाढली, आणि पेठेच्या बाजूस लंडन मिशन व वेस्लियन मिशन ह्यांनी कानडी भाषेत काम सुरू केले. पुढे केरळातून मल्याळी आले, मंगळुराकडून कोंकणी आले. अलीकडच्या काळात मिझोराम आणि नागालँडच्या विद्यार्थ्यांनीही आपापल्या भाषेतील उपासना येथे सुरू केल्या. म्हणजे येथील ख्रिस्ती समाज पंथांप्रमाणे जितका विभागलेला आहे तितकाच, किंबहुना अधिक, भाषांप्रमाणे विभागलेला आहे. प्रत्येक लाट आपली भाषा घेऊन आली, आणि त्या भाषेत प्रार्थना करता यावी म्हणून तिने आपले छप्पर उभारले.

मराठी ख्रिस्ती माणसाची येथे दुहेरी अडचण होते. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरात कामास आरंभ केला. त्या परंपरेतील मंडळ्या कालांतराने उत्तर भारताच्या चर्चमध्ये, म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास स्थापन झालेल्या संस्थेत सामील झाल्या. बंगळूर मात्र दक्षिण भारताच्या चर्चच्या हद्दीत येते; ती संस्था २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासेत स्थापन झाली. दोन्ही संस्था एकमेकींना बहिणी मानतात आणि एकीच्या सभासदाला दुसरीत मज्जाव नाही. तरीही नगरच्या मुलाला ज्या चालीवर गाणे म्हणण्याची सवय, ज्या शब्दांत ‘हे आमच्या बापा’ अशी हाक मारण्याची सवय, ते काहीच येथे त्याच्या कानी पडत नाही. आमच्या शोधात तरी मराठी उपासना हाती लागली नाही. कानडी, तामीळ, मल्याळी, इंग्रजी ह्यांपैकी एक पत्करावी एवढेच आम्ही त्याला सांगू शकलो.

पण ह्या सर्वांहून मोठी अडचण साथीची होती. ती समजून घ्यावयाची तर सव्वाशे वर्षे मागे गेले पाहिजे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग सुरू झाला. तो प्रथम ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी. पुढच्या वर्षी तो पुण्यास पोहोचला, आणि तेथे रँडसाहेबाच्या कारभाराने काय घडले हे आपण शाळेपासून वाचीत आलो आहो. लोहमार्गाने प्रवास करीत १८९८ च्या ऑगस्टात तो हुबळीकडून बंगळुरास आला. त्या काळी बंगळूर हे एक नसून दोन होते. जुनी पेठ म्हैसूरच्या महाराजांच्या अमलाखाली आणि छावणी इंग्रज रेसिडेंटाच्या अमलाखाली. रोगाला ही सीमा कळत नव्हती. म्हैसूर सरकारने प्लेग कमिशनर म्हणून ज्यांस नेमले ते व्ही. पी. माधवराव तंजावराकडच्या मराठी कुळातले. पुढे १९०६ ते १९०९ ह्या काळात ते म्हैसूरचे दिवाण झाले, आणि त्रावणकोर व बडोदे ह्या संस्थानांचे दिवाणपदही त्यांनी भूषविले. परप्रांती चाकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नाव लक्षात ठेवावयास हरकत नाही.

प्लेगच्या बंदोबस्ताची रीत तेव्हा सगळीकडे सारखीच होती. आगगाडीच्या उतारूंची तपासणी, रोग्याला उचलून वेगळ्या ठिकाणी ठेवणे, घरातील माणसांस गावाबाहेरच्या छावणीत हलविणे, कौले काढून घरात ऊन पाडणे, चुन्याने भिंती रंगविणे. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. माणसे एकत्र जमतील अशी प्रत्येक जागा, मग ती बाजार असो, शाळा असो, जत्रा असो की देऊळ असो, संशयास्पद ठरली. त्याच वर्षी प्लेगच्या कामात सुसूत्रता यावी म्हणून शहरात टेलिफोनच्या तारा टाकण्यात आल्या. म्हणजे माणसांना एकमेकांपासून दूर ठेवण्याच्या कामासाठी दुरून बोलण्याचे हे यंत्र कामास लागले. ह्याच यंत्राच्या वंशजावर आमच्या मित्राच्या मुलाने पहिले वर्ष शिकून काढले.

प्लेगनंतर शहराची रचनाच बदलली. दाट पेठेतून लोकांना बाहेर काढण्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ह्या मोकळ्या वसाहतींना चालना मिळाली. छावणीच्या बाजूस तेव्हाचे रेसिडेंट स्टुअर्ट फ्रेझर ह्यांच्या नावाने १९१० साली फ्रेझर टाउन वसले. तोवर रोग उंदीर आणि पिसवांमुळे पसरतो हे सिद्ध झाले होते. त्यामुळे उंदराला शिरकाव मिळू नये अशा बेताने येथे घर बांधून दाखविण्यात आले. रुंद रस्ते, घराभोवती मोकळी जागा, हवा आणि उजेड ही ह्या वस्तीची कल्पना. पुढे तेथे ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने राहावयास आली. सेंट फ्रान्सिस झेवियरचे मोठे कॅथलिक देऊळही ह्याच परिसरात आहे. नगरचा मुलगा ज्या गल्लीत एकटा पडला होता ती गल्ली एका जुन्या साथीची संतती आहे, हे त्याला सांगितले तेव्हा तो प्रथम हसला. आणि मग त्या गल्लीतल्या घरांच्या जोत्यांकडे निरखून पाहू लागला.

साथीने मंडळी मोडते एवढेच खरे असते तर हा लेख येथेच संपला असता. परंतु साथीमुळे मंडळीला नवे रूप मिळाल्याचे दाखलेही त्याच प्लेगात सापडतात. मुंबईत वांद्रे, गिरगाव इत्यादी भागांतील ख्रिस्ती वस्त्यांतून आजही गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसतात. त्यांतील पुष्कळसे प्लेगच्या वर्षांतले आहेत. संकटनिवारणासाठी लोकांनी ते आपल्या वाडीत उभारले, आणि आसपासची घरे संध्याकाळी त्यांच्यापाशी जमून प्रार्थना म्हणू लागली. मोठ्या देवळाची मंडळी अशी वाडीवाडीला उतरली. तिकडे पुण्यात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील दुष्काळातून अनाथ मुली आणल्या होत्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना शहरात ठेवणे कठीण झाले, तेव्हा केडगाव येथे आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांनी त्या मुलींना नेले. माळरानावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतून मुक्ती मिशन वाढले. शहराने दार लावून घेतले म्हणून त्या मुलींना आपले गाव मिळाले असे म्हटले तर ते चूक ठरू नये.

ह्यापूर्वीचा ख्रिस्ती इतिहासही अशा प्रसंगांनी भरलेला आहे. येशूच्या मृत्यूनंतर त्याचे शिष्य भीतीने दारे लावून एका खोलीत बसले होते असे शुभवर्तमानात सांगितले आहे. म्हणजे ह्या धर्माची पहिली मंडळी बंद दारांआडच जमली. पौलाने दूरदूरच्या मंडळ्यांना पत्रे लिहिली, त्यांतील काही तर बंदिवासातून. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमन साम्राज्यात मोठी साथ आली तेव्हा अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस ह्याने लिहिले आहे की, आपल्या लोकांनी स्वतःची पर्वा न करता रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्यांतले कित्येक त्यांच्याबरोबरच गेले. हा स्वपक्षाचा वृत्तांत आहे हे विसरून चालणार नाही. तरी त्या पत्रात आदर्श कोणता मानला जात होता ते स्पष्ट दिसते.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ह्याहून जवळचा प्रसंग १५२७ सालचा आहे. जर्मनीतील विटेनबर्ग येथे प्लेग आला तेव्हा तेथील विद्यापीठ येना ह्या गावी हलविण्यात आले. मार्टिन ल्यूथर मात्र मागे राहिला आणि उरलेल्या थोड्या विद्यार्थ्यांना शिकवीत राहिला. मरणाच्या साथीतून पळून जावे की नाही ह्या प्रश्नावर त्याने एक पत्र लिहिले आहे. त्याचे म्हणणे असे की, ज्याच्यावर दुसऱ्यांचा भार नाही त्याने जाण्यास हरकत नाही; पण पाळकाने आणि सरकारी अधिकाऱ्याने आपली जागा सोडू नये. त्याच पत्रात तो असेही बजावतो की, औषध घ्यावे, घर धुरी देऊन शुद्ध करावे, आणि जेथे आपली गरज नाही तेथे जाऊन रोगाचा प्रसार करू नये. धैर्य आणि सावधगिरी ह्या दोन गोष्टी त्याने एकाच पानावर मांडल्या आहेत. ज्या वाचकांनी २०२० सालचे वसंत आणि ग्रीष्म जिल्ह्याच्या कचेऱ्यांतून रात्री जागून काढले त्यांना हे पत्र परके वाटणार नाही.

ह्या सावधगिरीची किती जरूर होती ते २०२० च्या फेब्रुवारीत दिसून आले. दक्षिण कोरियातील देगू शहरात एका ख्रिस्ती पंथाच्या दाटीवाटीच्या सभांमधून कोविड झपाट्याने पसरला. मंडळी जमणे हेच शेजाऱ्याच्या जिवावर बेतू शकते, ही गोष्ट तेथून जगभर कळली. म्हणून पुढे जी बंदी आली तिला केवळ सरकारची सक्ती म्हणता येत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची जी आज्ञा मंडळीला आहे तीच तिला घरी बसावयास सांगत होती.

आपल्याकडे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला होता; तो बंद घरांतून साजरा झाला. ८ जूनपासून धर्मस्थळे उघडण्यास परवानगी मिळाली, पण अंतर, तोंडावर पट्टी आणि मोजकी माणसे ह्या अटींवर. त्या सप्टेंबरात वांद्र्याची मोत माउलीची जत्रा भरली नाही, आणि आपल्या मंडळांचे गणपतीही त्या साली मुकाट्यानेच बसले व उठले. पाळकांनी मोबाईलच्या पडद्यावरून उपासना चालविली. त्यात एक सोय अशी झाली की, नगरचा मुलगा बंगळुरात बसून नगरच्याच मंडळीची मराठी उपासना ऐकू शकला. वडिलांना वाटले, प्रश्न सुटला.

मुलाला तसे वाटले नाही. तो आम्हांला म्हणाला, “काका, तिथं मला सगळे दिसतात, पण मी कोणाला दिसत नाही.” प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला दुरून कसा घ्यावयाचा ह्यावर त्या काळी अनेक देशांतील धर्मपंडितांनी वाद घातला. कोणी म्हटले, घरी आपापली भाकर घेऊन पाळकाबरोबर प्रार्थना करावी. कोणी म्हटले, एका पंक्तीशिवाय ते भोजनच होत नाही, तेव्हा उपास करून थांबावे. आम्हांला त्या वादात बोलण्याचा अधिकार नाही. परंतु अठरा वर्षांच्या मुलाने जे एका वाक्यात सांगितले त्यात त्या वादाचे मर्म आले असे आम्हांला वाटते. ऐकणे दुरून होते. कोणीतरी आपली गैरहजेरी ओळखणे हे जवळ असल्याशिवाय होत नाही.

आपल्या देशातील विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती चळवळीने हीच उणीव पूर्वी ओळखली होती. १८९५ साली स्वीडनमध्ये विद्यार्थ्यांचा जागतिक ख्रिस्ती संघ स्थापन झाला, आणि १९१२ साली बंगालमधील सेरामपूर येथे भारतीय विद्यार्थी ख्रिस्ती चळवळ जन्मास आली. तिचे मुख्य कार्यालय आज बंगळुरात मिशन रोडवर आहे. तिच्यापूर्वी दोन वर्षे, १९१० साली, निरनिराळ्या मिशनांनी मिळून येथे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज काढले. घर आणि गावची मंडळी सोडून आलेल्या तरुणाला पंथाची कुंपणे ओलांडून सोबती मिळावेत हा विचार दोहोंच्या मुळाशी होता. चळवळ अवघी सहा वर्षांची असताना १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. महाराष्ट्रात ह्याच सुमारास, १९१७ साली, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचे ते एक कुटुंब व्हावे अशी त्यांची इच्छा होती. मंडळीची व्याख्या चर्चच्या नोंदवहीपेक्षा मोठी करण्याचा तो प्रयत्न होता. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि तो प्रयत्न त्यांच्यामागे फार वाढला नाही. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनंतर बंगळुरात पुन्हा उभा राहिला.

२०२१ च्या एप्रिलात दुसरी लाट आली. महिनाअखेरीस राज्यात कडक निर्बंध लागले, धर्मस्थळे पुन्हा लोकांसाठी बंद झाली, महाविद्यालय पुन्हा मोबाईलमध्ये गेले. ज्या मुलांना शक्य झाले ती गावी परतली. आमच्या मित्राने मुलाला परत बोलावले. परंतु नगरच्या घरातच आजार शिरलेला होता, म्हणून तो येथेच थांबला. बंगळुरात त्या दिवसांत स्मशानांबाहेर रुग्णवाहिकांच्या रांगा लागल्या. घरातले सगळेच आजारी किंवा अलग ठेवलेले, त्यामुळे कित्येक प्रेतांना खांदा देणारेही कोणी नव्हते.

त्या वेळी येथील कॅथलिक महाधर्मप्रांताच्या पुढाकाराने ‘हिअर आय ॲम’ ह्या नावाचे एक स्वयंसेवक दल काम करीत होते. ‘हा मी येथे आहे’ असे ते नाव. देवाची हाक ऐकल्यावर बायबलातील संदेष्टे जे उत्तर देतात ते. होसूर रोडवरील भारतीय ख्रिस्ती दफनभूमीत ह्या दलाची माणसे आपादमस्तक संरक्षक पोशाख घालून दिवसभर प्रेते उतरवून घेत, थडग्यात ठेवीत, आणि नातेवाईक नसतील तर त्यांच्या वतीने उभी राहत. त्यांत महाविद्यालयात शिकणारी मुले होती आणि मुलीही होत्या. उन्हात त्या पोशाखाच्या आत घामाने अंघोळ होई. शहरात इतर धर्मांचे स्वयंसेवकही असेच राबत होते. हे श्रेय कोणा एका धर्माचे नाही हे येथे नमूद केले पाहिजे.

आमच्या मित्राचा मुलगा त्या दफनभूमीत जाऊ लागला हे आम्हांला नंतर कळले. आधी कळते तर आम्ही कदाचित त्याला अडविले असते, आणि त्याच्या वडिलांनी तर खास अडविले असते. प्रथम त्याने केवळ नोंदी लिहिण्याचे आणि पाणी देण्याचे काम केले. तो प्रॉटेस्टंट, ते बहुतेक कॅथलिक. त्याला कानडी येत नव्हते, तामीळही येत नव्हते. आम्ही त्याला विचारले, “तुला तिथे परके नाही वाटले?” तो म्हणाला, “तिथं मला कोणीच ‘तू कोणत्या मंडळीचा?’ असं विचारलं नाही. ‘उद्या किती वाजता येशील?’ एवढंच विचारलं.” एके दिवशी त्याला ताप आला आणि तो गेला नाही. संध्याकाळपर्यंत तीन फोन आले, आणि रात्री दाराबाहेर कोणीतरी पेजेचा डबा ठेवून गेले. तो ताप साधा निघाला. पण त्या रात्री, तो म्हणतो, त्याने वडिलांना फोन करून सांगितले की आता माझी काळजी करू नका.

ह्या एका उदाहरणावरून मोठा सिद्धांत काढण्याचा आमचा विचार नाही. त्या दोन वर्षांत कित्येक मुले एकटीच राहिली आणि कोणाचाच फोन त्यांना आला नाही. त्यांच्या गोष्टी कोणी लिहीत नाही म्हणून त्या नव्हत्या असे होत नाही. मंडळ्यांनीही सर्वत्र सारखे वागणूक दाखविली नाही. प्लेगच्या काळी जसे कित्येक जण शहर सोडून गेले तसे ह्याही वेळी अनेकांनी दारे लावून घेतली, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु १८९६ पासूनचा हा क्रम पाहिला म्हणजे एक गोष्ट नजरेस येते. वाडीच्या क्रूसापाशी, केडगावच्या माळावर, होसूर रोडच्या दफनभूमीत, जेथे जेथे साथीच्या दिवसांत नवी मंडळी जुळली तेथे ती भाषेवरून किंवा पंथावरून जुळली नाही. समोर एक काम पडले होते आणि ते करणाऱ्यांची मंडळी झाली. भाषा, गाणे, सण हे सर्व पुढे त्या मंडळीत आले. जसे केडगावी नाना ठिकाणच्या मुलींचे एक घर झाले तसे.

ही गोष्ट आपल्या मंडळांसही लागू पडते असे आम्हांला वाटते. परप्रांतात आपण जमतो ते भाषेसाठी, आणि ते योग्यच आहे. पण ज्या मंडळांनी त्या काळात औषधे पोहोचविली, खाटांची चौकशी केली, परक्या शहरात अडकलेल्या मराठी मजुराला गाडीत बसवून दिले, त्या मंडळांत पुढे नवी माणसे आली. ज्यांनी केवळ कार्यक्रम पुढे ढकलल्याची पत्रके काढली, त्यांच्या खुर्च्या अजून रिकाम्या आहेत.

तो मुलगा पदवी घेऊन येथेच नोकरीस लागला आहे. रविवारी तो एका इंग्रजी उपासनेस जातो. कानडीही आता बऱ्यापैकी बोलतो. मराठी गाणी तो नगरास गेल्यावरच म्हणतो. गेल्या जून महिन्यात आमच्या कचेरीत नव्याने बदलून आलेल्या एका गृहस्थाने आपल्या पुतण्यासाठी अशीच चौकशी केली. हा पुतण्याही पहिल्या वर्षाचा, सोलापूरकडचा आणि ख्रिस्ती. आम्ही त्याला कोणत्याही चर्चचा पत्ता दिला नाही. नगरच्या त्या मुलाचा फोन नंबर दिला. तो त्याच संध्याकाळी त्याच्या खोलीवर जाऊन आला.